समुद्रकाठचे राज्य आणि गोदाकाठची माणसे

मंडळी, महाराष्ट्र हे समुद्रकाठचे राज्य आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, लांबच लांब किनारा, मुंबईचे बंदर. मुले हे पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळी होतात. पण हाच धडा देगलूरच्या, मुखेडच्या किंवा औशाच्या शाळेत चालू असतो, तेव्हा वर्गातल्या बहुतेक पोरांनी समुद्र कधी पाहिलेला नसतो. नांदेडहून मुंबई साडेपाचशे किलोमीटरांच्या पुढे, आणि हैदराबाद मात्र त्याच्या निम्म्यावर. अशा वेळी एखादा चुणचुणीत मुलगा उभा राहतो आणि विचारतो, "गुरुजी, समुद्र एवढा लांब, मग आपण समुद्रकाठच्या राज्यात कसे?"

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नाही. मोठ्यांनीही तो स्वतःला विचारावा असा आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे : निसर्गाने आपल्याला समुद्राकडे पाठ करून बसवले, इतिहासाने कधी जोडले, कधी तोडले, आणि शेवटी आपण आपल्या खुशीने, काही शब्द देऊन-घेऊन या राज्यात आलो. तो शब्द कोणता, तो कुठे लिहिला आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे कोणी बघायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी भूगोल पाहू. गुरुजींनी भिंतीवर नकाशा टांगावा, घरी असाल तर मुलाचे पुस्तक घ्या. राज्याचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. किनारा सुमारे ७२० किलोमीटर, असे आपण शिकत आलो. खाड्यांची वळणे बारकाईने मोजली तर तो आणखी भरतो. छत्तीस जिल्ह्यांपैकी पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढे सातच समुद्राला लागून आहेत. बाकी सगळे सह्याद्रीच्या अलीकडचे, म्हणजे आपल्या बाजूचे.

हा सह्याद्री म्हणजे राज्याच्या घरातली मधली भिंत समजा. पावसाळ्यात समुद्रावरून ढग येतात, या भिंतीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीसारख्या ठिकाणी त्याच्याही दुपटीने. भिंत ओलांडून ढग अलीकडे आले की त्यांच्यात फारसे उरलेले नसते. म्हणून बीड, धाराशिव, लातूर या पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही. यंदा बरा, पुढल्या साली कोरडा. नांदेडकडे सरकत गेलो की बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या पावसाचा थोडा हातभार लागतो. किनवट-माहूरकडे तर सागाचे रान उभे आहे.

आता नद्यांकडे बघा. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र अवघा ऐंशी किलोमीटरांवर. एखाद्या धडधाकट माणसाने दोन-तीन दिवसांत चालून जावे एवढे अंतर. पण मध्ये भिंत आहे ना! म्हणून ती पूर्वेला वळते आणि नाशिक, पैठण, नांदेड अशी गावे घेत, पुढे तेलंगण आणि आंध्र ओलांडून १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. लातूरची मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात निघते, लातूरजवळून कर्नाटकात बिदरकडे जाते, मोठा वळसा घालून पुन्हा उत्तरेला येते आणि नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. म्हणजे आपल्या रानात पडलेला पावसाचा थेंब आपल्याच राज्याच्या समुद्राला कधी भेटत नाही.

जमिनीची गोष्टही ध्यानात घ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून आपला काळा पाषाण तयार झाला. त्याच्या झिजेतून काळी कसदार माती झाली, ती तूर, कापूस, ज्वारीला मानवते. पण खाली खडक घट्ट. पाणी फक्त भेगांत आणि सांध्यांत साठते. एका शेतातल्या आडाला पाणी लागते आणि बांधापलीकडे दोनशे फूट बोअर मारला तरी धूळ उडते, त्याचे कारण हेच. देगलूर-बिलोलीकडे या काळ्या पाषाणाऐवजी जुना ग्रॅनाइटी खडक वर येतो, तिथेही साठा बेताचाच. तात्पर्य, डोंगर, वारा, नदी आणि खडक यांच्यापैकी कोणीही आपल्याला समुद्रकाठाशी जोडलेले नाही.

मग जोडले कोणी? माणसांनी. त्यासाठी इतिहासात जावे लागेल.

लातूरपासून फार लांब नाही, असे धाराशिव जिल्ह्यातले तेर गाव तुम्हांला ठाऊक असेल. गोरोबा काकांचे गाव. याच गावाचे जुने नाव तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने सागरी व्यापाराची माहिती देणारे 'पेरिप्लस' नावाचे पुस्तक लिहिले. त्याचे नाव कोणाला माहीत नाही, पण त्याने पैठण आणि तगर या दोन्ही गावांची नोंद केली आहे. इथला माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून जहाजाने पश्चिमेकडच्या देशांत. तगरहून जाई तो मुख्यत्वे कपडा. तिकडे जुन्नरहून कोकणात उतरायला नाणेघाट होता. त्या घाटातल्या लेण्यात सातवाहन राणीचा शिलालेख आजही वाचता येतो. घाट उतरला की कल्याण आणि सोपारा ही बंदरे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या विणकराचे कापड समुद्रापार जात होते, आणि मधल्या भिंतीला माणसाने दारे पाडली होती.

पुढे राष्ट्रकूट राजे आपले मूळ गाव 'लट्टलूर' असल्याचे अभिमानाने सांगत. ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे अभ्यासक मानतात. कंधारलाही त्यांच्या खुणा आहेत. त्यानंतर देवगिरीचे यादव, मग बहमनी, मग बिदर आणि अहमदनगरच्या शाह्या, मग मोगल. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला देह ठेवला, आणि गोदाकाठचे हे गाव साऱ्या शीख जगाचे तीर्थ झाले.

तुटण्याची गोष्ट इथून सुरू होते. १७२४ साली निजामाने दख्खनमध्ये आपला स्वतंत्र कारभार थाटला आणि मराठवाडा हळूहळू हैदराबादच्या छत्राखाली गेला. समुद्रकाठाची कहाणी वेगळ्याच वाटेने चालली होती. पोर्तुगीज आले, वसई घेऊन बसले. १६६८ साली मुंबई इंग्रजांच्या कंपनीकडे गेली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तो सारा मुलूख इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात गेला. आता दोन बाजूंचा फरक पाहा. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५७ साली मुंबईला विद्यापीठ झाले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. मधली वर्षे मोजा, एकशे एक भरतात! तीन-चार पिढ्यांच्या शिक्षणाचे अंतर ते. हैदराबाद संस्थानात दरबाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. भाषेचा त्यात काही दोष नाही, मोठी गोड भाषा आहे; पण शेतकऱ्याच्या घरात मराठी आणि कचेरीच्या कागदावर उर्दू, म्हणजे आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, अशी पाळी होती.

त्यातून सुटण्यासाठी जो लढा झाला, त्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ. इथल्या शिक्षक मंडळींनी अभिमानाने सांगावे, की स्वामीजी मुळात मास्तर होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईला त्यांनी मुले शिकवली. देश १९४७ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला, आपल्याला मात्र आणखी तेरा महिने थांबावे लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले. १९५२ साली आपल्या लोकांनी पहिल्यांदा सार्वत्रिक मतदान केले, तेही हैदराबाद राज्याचे नागरिक म्हणून.

आता करारमदाराकडे येऊ. भाषावार राज्यांची चर्चा चालू असताना, २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर येथे पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्ही भागांतल्या पुढाऱ्यांनी एका मसुद्यावर सह्या केल्या. तोच 'नागपूर करार'. त्यात काय लिहिले होते? सरकारी खर्च, नोकऱ्या आणि शिक्षणाच्या सोयी यांत प्रत्येक भागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा. मराठवाडा मागासलेला आहे, म्हणून त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष द्यावे. त्याचा अहवाल दरसाल विधानसभेपुढे ठेवावा. विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरते, त्याचे मूळही याच करारात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले आणि मराठवाडा त्या वेळच्या द्विभाषिक मुंबई राज्यात आला. सीमा आखताना काय काय हलले ते आपल्या भागात अजून घरोघर आठवणीत आहे. बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके इकडे आले. आदिलाबादचा किनवट तालुका आणि इस्लापूरचा भाग इकडे आला. मुधोळ, भैंसा हा नांदेडचा भाग मात्र आंध्रात गेला. पुष्कळ घरांत सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्यात, असे झाले. मग संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले, मुंबईसाठी १०६ जणांनी प्राण दिले, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. लातूरचा स्वतंत्र जिल्हा त्याच्याही नंतरचा. १६ ऑगस्ट १९८२ रोजी तो उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा काढला गेला.

तुम्ही म्हणाल, करार झाला, पण करार म्हणजे कायदा थोडाच? बरोबर आहे. पुढाऱ्यांच्या सह्या कोर्टात चालत नाहीत. म्हणूनच १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने भारताच्या घटनेत कलम ३७१ चा दुसरा भाग घालण्यात आला. त्याचा मतलब असा : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगवेगळी विकास मंडळे नेमता येतील, आणि विकासाचा पैसा, तांत्रिक शिक्षण व नोकऱ्या यांची न्याय्य वाटणी होते की नाही हे पाहण्याची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकता येईल. 'येईल' हा शब्द नीट ऐका. कलम लिहिले १९५६ साली, आणि मंडळे प्रत्यक्षात स्थापन झाली १९९४ साली. मधे अडतीस वर्षे गेली.

त्या अडतीस वर्षांत काय साठले, हे मोजण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांची समिती नेमली होती. तिचा अहवाल १९८४ सालचा. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी बसला. अनुशेष म्हणजे थकबाकी. समजा, चार भावांच्या घरात तीन भावांच्या शेतात विहीर झाली आणि चौथ्याच्या नाही, तर चौथ्याच्या विहिरीचा खर्च ही त्याची थकबाकी. समितीने रस्ते, पाटबंधारे, शाळा, दवाखाने, वीज अशा बाबी घेऊन साऱ्या राज्याची थकबाकी ३,१८६ कोटी रुपये काढली; त्यांपैकी सुमारे ७५० कोटी एकट्या मराठवाड्याची. विदर्भाची आपल्यापेक्षा जास्त होती, आणि ज्याला आपण 'पुढारलेला' म्हणतो त्या उर्वरित महाराष्ट्राचीही जवळजवळ विदर्भाइतकीच होती, कारण कोकणातली आणि पश्चिमेकडची दुष्काळी खेडी तिथेही आहेत. हे विसरू नका. पुढे विकास मंडळांची मुदत वेळोवेळी वाढवत गेले आणि ३० एप्रिल २०२० रोजी ती संपली. घटनेतले कलम मात्र जागेवर आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की या राज्यात येऊन मिळाले ते आश्वासनच. तसे म्हणणे खरे होणार नाही. एक मोठे उदाहरण देतो. १९७२ च्या दुष्काळात हजारो माणसे खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेली. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. कामाची मागणी करणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक! आता यासाठी पैसा कुठून आणला? १९७५ साली व्यवसायकराचा कायदा झाला, तो याच योजनेसाठी. मुंबईच्या कचेरीतल्या कारकुनाच्या, गिरणीतल्या कामगाराच्या, वकील-डॉक्टरांच्या कमाईतून थोडी रक्कम कापायची, तेवढीच सरकारने आपली घालायची, आणि ती दुष्काळी गावातल्या मजुरीला लावायची. समुद्रकाठच्या राज्यात असण्याचा अर्थ इथे दिसतो. ढग भिंत ओलांडून आले नाहीत, पण पैसा आला. २००५ साली साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याला वाट दाखवली ती या योजनेने.

आता राज्याचा कारभार कसा चालतो ते पाहू, कारण शब्द पाळून घ्यायचा तर दार कोणते ठोठवायचे हे कळले पाहिजे. मुंबईला विधानसभा, तिचे २८८ सभासद. त्यांतले मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचे ४६. नांदेडचे नऊ, लातूरचे सहा. दुसरे सभागृह विधान परिषद, तिचे ७८. त्यांत माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांचे वेगळे मतदारसंघ आहेत, हे गुरुजींनी ध्यानी ठेवावे. ४६ म्हणजे २८८ चा सहावा हिस्सासुद्धा पुरता भरत नाही. नुसत्या हातांच्या मोजणीवर आपण काही जिंकणार नाही, हे उघड आहे. म्हणून तर घटनेतल्या कलमाची गरज.

आणि मुख्यमंत्रिपदाचे म्हणाल, तर शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री मराठवाड्याने दिले. चौघेही नांदेड आणि लातूर या दोनच जिल्ह्यांतले! शंकररावांच्या काळजीने जायकवाडी धरण उभे राहिले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तरीही लातूरला पाणी रेल्वेने आणावे लागले. खुर्ची आपल्या माणसाला मिळाली म्हणजे काम झाले, असे समजून घरी बसणे परवडत नाही, हा त्यातला धडा.

राजधानी समुद्रकाठी आणि शेतकरी आत, ही अडचण जगात आपल्या एकट्याची नाही. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना या समुद्रकाठच्या राज्यात असेच झाले होते. सारा कारभार आणि सारी न्यायालये चार्ल्सटन या बंदरात. आतल्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याला साध्या फिर्यादीसाठी कित्येक दिवसांचा प्रवास. लोकांनी दंगा केला, तेव्हा १७६९ साली आतल्या भागात न्यायालये देण्याचा कायदा झाला. आणि १७८६ साली राजधानीच किनाऱ्यावरून उचलून राज्याच्या मध्यावर, कोलंबिया नावाच्या नव्या गावी नेण्याचे ठरले. अर्थात तिथल्या गुलाम माणसांना या वाटणीत कोणी विचारलेसुद्धा नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे मुंबई हलली नाही. पण १९८१ साली मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आले. त्यामुळे नांदेड-लातूरच्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली.

आता पाण्याच्या वाटणीकडे येऊ, कारण कायद्याची खरी परीक्षा तिथे होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वे लातूरला पोचली. दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी. पुढे पावसाळ्यापर्यंत अशा गाड्या येत राहिल्या. मांजरा धरण कोरडे पडले होते. कृष्णेचे पाणी तीनशेहून अधिक किलोमीटर रुळांवरून आले. आले, हे खरे, आणि त्याबद्दल त्या लोकांचे उपकार मानले पाहिजेत. पण पाऊस कमी झाला एवढेच कारण सांगून आपण सुटू शकत नाही. मांजरेच्या काठाने उसाचे रान वाढत गेले, बोअर खोल खोल गेले. धरणात येणारे पाणी आणि आपली तहान यांचा मेळ आपणही घातला नाही.

वरच्या धरणांनी पाणी अडवले आणि जायकवाडी रिकामे राहिले, ही आपली जुनी तक्रार. त्यावर २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. एका खोऱ्यातल्या पाण्यावर खोऱ्यातल्या सर्वांचा न्याय्य हक्क, असे त्याचे सूत्र. तुटीच्या सालात पाणी किती सोडायचे यासाठी मेंढेगिरी समितीने २०१३ साली हिशोब बांधून दिला : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक-नगरकडच्या धरणांतून पाणी सोडावे. वाद उच्च न्यायालयात गेला. २०१६ साली न्यायालयाने समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. कलम छापलेले होते म्हणून मागणी टिकली.

पण नदी पुढेही वाहते बरं का! नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. तो झाला तेव्हा खालच्या आंध्र प्रदेशाने तीच तक्रार केली, जी आपण नाशिकबद्दल करतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निवाडा दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याची दारे उघडी ठेवायची, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. आपल्या शेतकऱ्याला हे जाचक वाटते, कारण पुराचे पाणी डोळ्यांदेखत निघून जाते. पण विचार करा : पैठणला आपण खालचे आणि बाभळीला आपण वरचे. खालचा म्हणून जो न्याय मागायचा, तोच वरचा म्हणून द्यावा लागतो. दोन वजनमापे ठेवली तर दुकान चालत नाही.

शेवटी गावापाशी येऊ. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. पंचायतींतल्या निम्म्या जागा आता स्त्रियांसाठी राखीव आहेत. मुंबईहून निघालेला रुपया जिल्हा परिषदेत, तिथून पंचायत समितीत आणि तिथून गावात येतो. तो कुठे अडला, कुठे आटला, हे विचारण्याचा हक्क २००५ च्या माहितीच्या अधिकाराने प्रत्येकाला दिलेला आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. गावाच्या आराखड्यात यंदा कोणती कामे धरली आहेत? गेल्या साली धरलेल्यांपैकी किती झाली? आणि गावात किती पाणी पडते, किती मुरते, किती उपसले जाते, याचा ताळेबंद कोणी केला आहे का? उत्तर तोंडी घेऊ नका. इतिवृत्तात लिहून घ्या. हैदराबादच्या राज्यात कागद आपल्या भाषेत नव्हता. आज तो मराठीत आहे, आणि ज्याला वाचता येते त्याने तो शेजाऱ्याला वाचून दाखवावा.

शिक्षकांना एक विनंती. मुलांना आपल्या गावच्या ओढ्यापासून नकाशावर बोट फिरवायला सांगा : ओढा कोणत्या नदीला मिळतो, ती कोणत्या धरणात थांबते, कोणत्या राज्यातून जाते आणि कोणत्या समुद्राला पोचते. मग दुसऱ्या रंगाने मुंबईहून गावापर्यंत येणाऱ्या पैशाची आणि कायद्याची वाट काढायला लावा. दोन्ही रेघा उलट दिशेने जाताना दिसतील. समुद्र न पाहिलेल्या पोराला आपले राज्य कसे बनले आहे, हे त्या दोन रेघांवरून कळेल. पुढे मोठेपणी यातली एखादी रेघ मधेच तुटलेली दिसली, तर ती कुठे तुटली हे त्याला शोधता येईल.